टायमिंग लाइटमध्ये खूण जागेवर दिसतेय, तरी किक उलटी मारते. मग मोजायचं तरी काय?

घाटवळण
मंडळी नमस्कार. गाडी दीडशे सीसी, कार्ब्युरेटरवाली, डीसी सीडीआय (स्पार्क कधी पाडायचा ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा), किक आणि सेल्फ दोन्ही आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, नाहीतर धागा भलत्याच भांडणात जातो. त्रास असा की किक मारताना अधनंमधनं उलटा दणका देते, आणि यवतेश्वरचा घाट चढताना तिसऱ्या चौथ्या गिअरला थ्रॉटल उघडला की हेडमधून टकटक टकटक. इंजिन पण नेहमीपेक्षा जास्त तापतंय. आधी असं काही नव्हतं. मधे सेल्फचा वन-वे क्लच गेला म्हणून एका गॅरेजमध्ये मॅग्नेट (इंजिनच्या मुख्य दांड्यावर, क्रँकवर बसणारं चुंबकाचं चाक) काढून काम करून घेतलं होतं, त्यानंतर थोड्या दिवसांनी हळूहळू सुरू झालं असं वाटतंय पण शपथेवर नाही सांगू शकत.

मित्राच्या सेम गाडीचा सीडीआय लावून बघितला, फरक शून्य. प्लग नवा, हीट रेंज मॅन्युअलमधलीच. मग ऑनलाइन टायमिंग लाइट (स्पार्क पडला की चमकणारा, त्या क्षणी मॅग्नेट कुठे आहे ते दाखवणारा दिवा) मागवली, डायल-बॅकवाली, म्हणजे डायलने फ्लॅश ठरावीक डिग्री उशिरा पाडता येतो. आयडलला मॅग्नेटवरची एफ खूण (आयडलला स्पार्क पडायची जागा) कव्हरच्या खाचेसमोर एकदम स्थिर. रेस केलं की खूण सरकते, म्हणजे ॲडव्हान्स (स्पार्क आधी पडणं) पण होतोय. पण डायल फिरवून टी खूण (पिस्टन एकदम वर असतो ती जागा, टीडीसी) खाचेसमोर आणली तर आकडा येतो आयडलला २० आणि पाच हजारच्या वर ६२!! ६२ डिग्री ॲडव्हान्सवर कुठलं इंजिन चालतं? लाइट भंगार आहे, का माझं डोकं, का ई२० पेट्रोलचा काही संबंध? पिकअप कॉइल सरकवायला स्लॉट पण नाहीये, दोन स्क्रूत फिक्स. मग ॲडजस्ट कुठे करायचं?

रीलमास्टर
लाइट कशाला पाहिजे भावा, मोबाईलवर २४० फ्रेमचा स्लो मोशन लाव आणि मॅग्नेटचा व्हिडिओ काढ, सगळं दिसतं.

डिग्रीवाला
रीलमास्टर, १५०० आरपीएम म्हणजे सेकंदाला २५ फेरे. २४० फ्रेम भागिले २५, एका फेऱ्यात साडेनऊ फ्रेम, म्हणजे दोन फ्रेमच्या मधे क्रँक ३७ डिग्री फिरून गेलेला असतो, आणि स्पार्क कुठल्या क्षणी पडला ते व्हिडिओत कुठे दिसणार? रील चांगलं होईल मात्र.

घाटवळण, आता तुमचं. आधी ते ६२ मिटवू, कारण तिथेच सगळे घाबरतात. तुमच्या इंजिनात पिकअप कॅमवर नाही, क्रँकवर आहे, मॅग्नेटच्या बाहेरच्या अंगाला जो उंचवटा असतो तो पिकअप कॉइलसमोरून गेला की सीडीआयला सिग्नल. क्रँक तर प्रत्येक फेऱ्यात तिथून जातो, त्यामुळे फोर स्ट्रोक असूनही स्पार्क प्रत्येक फेऱ्याला पडतो, एक कॉम्प्रेशनच्या शेवटी कामाचा आणि एक एक्झॉस्टच्या शेवटी फुकटचा. तुमची लाइट मात्र धरून चालते की फोर स्ट्रोक आहे म्हणजे दोन फेऱ्यात एक स्पार्क. म्हणून तिला आरपीएम दुप्पट वाटतात, ती डायलच्या डिग्रीचा उशीर काढताना निम्माच वेळ थांबते, आणि खूण जुळवायला तुम्हाला डायल दुप्पट फिरवावा लागतो. २० म्हणजे खरे १०, ६२ म्हणजे खरे ३१. दोन व्हॉल्व्हच्या एअर कूल्ड इंजिनाला आयडलला १० आणि वरती ३० च्या आसपास हे अगदी सज्जन आकडे आहेत. लाइटवर टू स्ट्रोकची सेटिंग असेल तर ती लावा, थेट बरोबर आकडा येईल. आरपीएम पण निम्मे होऊन गाडीच्या मीटरशी जुळले की समजा बरोबर आहे. आणि क्लॅम्पवर बाण असतो तो प्लगच्या दिशेला, उलटा लावला तर काही लाइट फ्लॅश चुकवतात.

मुळात ॲडव्हान्स का वाढतो, तर जळायला वेळ लागतो म्हणून. स्पार्क पडला की लगेच स्फोट नाही होत, ज्वाला एका टोकापासून पसरत जाते, आणि जास्तीत जास्त प्रेशर पिस्टन टीडीसी ओलांडून पंधराएक डिग्री खाली आल्यावर मिळालं पाहिजे. १५०० ला एक डिग्री म्हणजे १११ मायक्रोसेकंद, तर १० डिग्री म्हणजे १.१ मिलिसेकंद. ६००० ला एक डिग्री जेमतेम २८ मायक्रोसेकंद, तिथे ३१ डिग्री म्हणजे ०.८६ मिलिसेकंद. बघा, डिग्री तिप्पट झाल्या तरी वेळ जवळपास तेवढाच, उलट थोडा कमीच, कारण वरच्या आरपीएमला आतली घुसळण जास्त असते आणि चार्ज भरभर जळतो. म्हणून तो वक्र सरळ चढत नाही, चार हजारच्या आसपास सपाट होतो.

ई२० चं म्हणाल तर इथेनॉलने ऑक्टेन वाढतो, टकटक त्याने कमी व्हायला पाहिजे. मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) झालं असेल तर गोष्ट वेगळी, पण लीनमुळे किक उलटी नाही मारत.

आता मुद्द्याचं. तुमची लाइट खोटं बोलत नाहीये, पण ती सांगते काय ते बघा. एफ आणि टी या खुणा मॅग्नेटवर कोरलेल्या आहेत. सिग्नल देणारा उंचवटा पण त्याच मॅग्नेटवर. पिकअप आणि खाच कव्हरला फिक्स. म्हणजे लाइट एवढंच सांगते की मॅग्नेट, पिकअप आणि सीडीआय यांचं आपसात जमतंय. पिस्टन कुठे आहे याचा तिला पत्ताच नाही! मॅग्नेट क्रँकच्या टेपरवर (निमुळत्या टोकावर) एका छोट्या अर्धगोल चावीने जागा धरून बसतो. ती चावी कापली गेली आणि मॅग्नेट टेपरवर आठ दहा डिग्री सरकून पुन्हा घट्ट बसला, तर खूण आणि उंचवटा दोन्ही एकत्र सरकतात, लाइटमध्ये सगळं जसंच्या तसं दिसतं आणि स्पार्क मात्र प्रत्यक्षात तेवढा लवकर पडत असतो. सीडीआय बदलून फरक नाही, किक उलटी, टकटक, तापणं, आणि आधी मॅग्नेट काढलेला. माझे पैसे चावीवर.

सिद्ध करायचं असेल तर खरा टीडीसी शोधून टी खुणेशी ताडून बघा. प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून नका शोधू, टीडीसीच्या पाच डिग्री आधी आणि पाच डिग्री नंतर पिस्टन जेमतेम ०.१५ मिमी हललेला असतो, हाताला ते कळतच नाही. पिस्टन स्टॉप पाहिजे, म्हणजे पिस्टनला वर जाताना अडवणारा बोल्ट. यावर जुना_मिस्त्री जास्त चांगलं सांगतील.

दोन_चॅनेल
सहमत, फक्त थोडी भर. पिकअपच्या दोन वायर उलट्या जोडल्या गेल्या असतील तरी टायमिंग सरकतं. उंचवट्याचं पुढचं टोक आलं की एका दिशेचा पल्स आणि मागचं टोक गेलं की उलट दिशेचा, सीडीआय किक मारताना आणि आयडलला मागच्या टोकावर फायर करतो आणि वरच्या आरपीएमला पुढच्या टोकापासून हिशोब धरतो. पोलॅरिटी उलटली की टोकांची अदलाबदल. पण ते झालं असतं तर लाइटमध्ये एफ खूण खाचेपासून लांब दिसली असती, घाटवळणची जागेवर आहे, त्यामुळे ते बाद. पिकअप आणि उंचवट्यातला गॅप मात्र फिलर गेज घालून बघूनच घ्या, मॅन्युअलमध्ये असेल तो, बहुतेक गाड्यांना अर्धा ते पाऊण मिमी.

माझ्याकडे साधा दोन चॅनेलचा स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारं यंत्र) आहे, मी एका चॅनेलवर पिकअप घेतो आणि दुसऱ्यासाठी प्लगच्या वायरवर इन्सुलेशनवाल्या वायरचे चार वेढे मारतो, थेट कॉइलच्या प्रायमरीला प्रोब लावायला जीव धजत नाही, तिथे तीनचारशे व्होल्ट सहज असतात आणि स्वस्त प्रोब त्यासाठी नसतो. मग एका पिकअप पल्सपासून पुढच्यापर्यंतचा वेळ म्हणजे ३६० डिग्री, आणि स्पार्कपासून मागच्या टोकापर्यंतचा वेळ त्याच्याशी त्रैराशिकाने. आरपीएम वाढवत नोंदी घेतल्या की सीडीआयचा अख्खा वक्र कागदावर येतो. पण डिग्रीवाला म्हणतात ते इथेही तसंच आहे, स्कोपला पण पिस्टन दिसत नाही.

अजून एक, स्टँडवर न्यूट्रलमध्ये रेस करून जे दिसतं तो वक्र बिनलोडचा. काही गाड्यांत थ्रॉटल किती उघडलाय ते बघूनही टायमिंग बदलतं. पल्सर डीटीएस-आय २००३ ला आली तेव्हा ट्रिक्स म्हणून प्रकार होता तो हाच, कार्ब्युरेटरवरून थ्रॉटलची खबर सीडीआयला. कमी थ्रॉटलला सिलिंडरमध्ये चार्ज विरळ असतो, हळू जळतो, जास्त ॲडव्हान्स चालतो, थ्रॉटल उघडला की मागे खेचावा लागतो. म्हणून लाइटमध्ये दिसणारा आकडा घाटात पडत असेलच असं नाही.

जुना_मिस्त्री
इचलकरंजीहून. डिग्रीवाल्यांनी माझं नाव घेतलं म्हणून लिहितोय, टायपिंग नातवाचं.

आमच्या वेळी बुलेटला पॉइंट होते, ते उघडले की स्पार्क पडायचा, सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद पॉइंटमधे धरायचा, हळूहळू इंजिन फिरवायचं, कागद सुटला की तिथं पॉइंट उघडला, आणि तेव्हा पिस्टन टीडीसीच्या ०.८ मिलिमीटर आधी पाहिजे. म्हणजे आम्ही पहिल्यापासून पिस्टनच बघत आलो. आताची पोरं लाइट बघतात. असू दे.

घाटवळण, असं कर. जुना प्लग घे तुझ्याच साइजचा, आतली चिनीमातीची कांडी फोडून काढ, रिकाम्या बॉडीत आटे पाडून लांब बोल्ट बसव, बोल्टचं टोक गोल घास म्हणजे पिस्टनला ओरखडा नको. टॅपेटचे, म्हणजे व्हॉल्व्ह दाबणारे, स्क्रू आधी चांगले ढिले कर, नाहीतर उघडा व्हॉल्व्ह बोल्टला लागायचा. बॅटरीची वायर काढून ठेव, चुकून कुणी सेल्फ दाबला तर पिस्टनला भोक पडेल. मग मॅग्नेटच्या मधल्या नटाला सॉकेट लावून हातानं, नुसत्या मनगटाच्या जोरावर फिरव. पिस्टन बोल्टला टेकला की थांब, वरच्या छोट्या भोकातून खाचेसमोर मॅग्नेटवर बारीक मार्करनं रेघ मार. मग उलट्या दिशेनं पार फिरवून पुन्हा टेकेपर्यंत आण, दुसरी रेघ. दोन्ही रेघांच्या बरोबर मधोमध खरा टीडीसी. कव्हर काढून कागदाची पट्टी मॅग्नेटवर गुंडाळून मधला बिंदू काढ आणि टी खूण त्याच्यापासून किती मिलिमीटरवर आहे ते बघ. उलट फिरवताना नट ढिला होतोय असं वाटलं तर तिथंच समज काय ते.

डिग्री काढायची तर मॅग्नेटचा व्यास मोज, ३.१४ नं गुण, ३६० नं भाग. ११४.६ मिमीचा मॅग्नेट असला तर मिलिमीटर म्हणजेच डिग्री, लेथवाल्यांना हे पाठ असतं.

मॅग्नेट काढताना पुलरच लाव. कडेला हातोडीनं ठोकू नको, आतले चुंबक सुटतात.

लाँगस्ट्रोक
धागा छान चाललाय, मधेच घुसतो. माझी २०२१ ची क्लासिक ३५०, नवीन जे सिरीज इंजिन, एफआय (कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन). यात पण लाइटने बघता येतं का? आणि एका कॅफेत कुणीतरी सांगितलं की आयडलला टायमिंग सारखं नाचतं म्हणजे ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) खराब. खरं का?

डिग्रीवाला
कॅफेतल्या मित्राला चहा पाजा आणि सोडून द्या. एफआय गाड्यांत ईसीयू आयडल धरून ठेवायला टायमिंगच वापरतो, हवेपेक्षा ते झटकन परिणाम करतं, आरपीएम जरा खाली आले की ॲडव्हान्स वाढव, वर गेले की कमी कर. त्यामुळे लाइटमध्ये खूण काही डिग्री मागेपुढे होत राहणं हे काम चालू असल्याचं लक्षण.

एफआयमध्ये एका उंचवट्याऐवजी रोटरवर दातांची रांग असते, २४ दातांची जागा असेल तर दर दाताला १५ डिग्री, त्यातले एक दोन दात मुद्दाम गायब, त्या रिकाम्या जागेवरून ईसीयूला कळतं क्रँक कुठे आहे. पण कॉम्प्रेशन का एक्झॉस्ट हे क्रँकवरून कळत नाही. कॅम सेन्सर नसलेल्या बऱ्याच सिंगल सिलिंडर गाड्यांत ते इनटेकच्या प्रेशर सेन्सरवरून ओळखतात, ज्या फेऱ्यात प्रेशर खाली गेलं तो इनटेकचा. ते एकदा कळलं की काही ईसीयू फुकटचा स्पार्क बंद करतात, मग लाइटचा दुप्पटीचा हिशोब पण बदलतो. म्हणून आधी मीटरचे आरपीएम आणि लाइटचे आरपीएम ताडून बघायचे, निम्मे का दुप्पट ते तिथेच कळतं.

कॉइलचाही प्रकार वेगळा. सीडीआयमध्ये कपॅसिटर आधी भरून ठेवतात आणि एका क्षणात कॉइलमध्ये रिकामा करतात. एफआयमध्ये बहुतेक ठिकाणी कॉइलमधून करंट आधी काही मिलिसेकंद वाढू देतात आणि तो तोडला की स्पार्क. त्यामुळे एकाची कॉइल दुसऱ्याला लावू नये, बसली म्हणून चालत नाही.

बीएस ६ च्या गाड्यांना स्कॅनर लावून टायमिंगचा आकडा वाचता येतो काही ठिकाणी, सहा पिनांचा कनेक्टर सीटखाली असतो, त्याची केबल मिळते. पण तो आकडा म्हणजे ईसीयूने दिलेली ऑर्डर. ऑर्डरप्रमाणे माल पडला का, ते लाइटनेच बघायचं. आणि ईसीयू ज्या दातांवरून हिशोब करतो ते दात पण रोटरवरच, तेव्हा रोटर सरकला तर स्कॅनर पण खुशीत बरोबर आकडा दाखवणार.

घाटवळण
अपडेट.

मिस्त्रीकाका, तुम्ही सांगितलं तसा पिस्टन स्टॉप केला, आटे पाडायला शेजारच्या लेथवाल्याची मदत घेतली. मॅग्नेटचा व्यास ११० मिमी भरला, म्हणजे डिग्रीला ०.९६ मिमी. दोन रेघांचा मध्य काढला तर टी खूण त्या मध्यापासून ८ मिमीवर! डाव्या बाजूने बघितलं तर इंजिन घड्याळाच्या उलट फिरतं, त्या दिशेने धरलं तर टी खूण खाचेसमोर आधी येते आणि पिस्टन अजून वर पोचायचा असतो. सव्वाआठ डिग्री. म्हणजे आयडलला १० ऐवजी १८ च्या वर आणि वरती ३१ ऐवजी ३९ पडत होता. घाटात टकटक करणार नाही तर काय.

पुलर लावून काढला, फार जोर लागलाच नाही. चावी मधोमध चिरडून पायरी पडलीय, अर्धी क्रँकच्या खाचेत अर्धी मॅग्नेटच्या. क्रँकची खाच मला तरी ठीक वाटतेय, टेपरवर मात्र एका बाजूला ओरखडे आहेत आणि जुन्या ऑइलचा काळा थर. नवी चावी आणलीय. थेट बसवू का? आणि टेपरला ऑइल लावायचं ना गंज नको म्हणून?

जुना_मिस्त्री
ऑइल अजिबात नको!! टेपर कोरडा ठाक पाहिजे. पकड टेपरची असते, चावी फक्त जागा दाखवायला. सगळा मार चावीवर आला म्हणूनच ती कापली, एकतर टेपर तेलकट बसवला असणार नाहीतर नट नीट ओढला नसणार, आणि सेल्फचा झटका त्याच मॅग्नेटला बसतो.

ओरखडे आहेत तर व्हॉल्व्ह घासायची बारीक पेस्ट थोडीशी टेपरला लाव, चावी न बसवता मॅग्नेट हातानं मागं पुढं घास, दाबून नको. पुसून बघ, करडा पट्टा सगळीकडं सारखा उमटला की झालं. मग पेट्रोलनं दोन्हीकडची पेस्ट पूर्ण धुवून काढ, कण राहिला तर बेरिंगमध्ये जाईल. वन-वे क्लचच्या रोलरकडे पण जाऊ देऊ नको. चावी हातोडीच्या हलक्या टिचकीनं पूर्ण तळाला बसव, वर आलेली असली तर मॅग्नेट तिच्यावर चढतो आणि टेपर बसतच नाही. नट टॉर्क रेंचनं, मॅन्युअलमध्ये आकडा आहे तेवढाच, अंदाजानं नको.

घाटवळण
झालं सगळं. पेस्टनं घासला, पट्टा बऱ्यापैकी सारखा आला, टॉर्क रेंच मित्राकडून आणला. पिस्टन स्टॉप परत लावून बघितलं, टी खूण आता मध्यापासून अर्ध्या मिमीच्या आत. टॅपेट परत सेट केले. किक एकदम मऊ. काल रविवारी कासपर्यंत गेलो, दोघं बसून, चौथ्या गिअरला खेचली तरी टकटक नाही.

गंमत म्हणजे लाइट परत लावली, आकडे तेच. आयडलला २०, वरती ६२, एफ खूण खाचेसमोर.

दोन_चॅनेल
तेच येणार होते. आता ते आकडे आणि मॅग्नेटचा व्यास गाडीच्या मॅन्युअलच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. आणि तो पिस्टन स्टॉप फेकू नका, माझ्या गाडीचा प्लग पण त्याच साइजचा आहे, साताऱ्याला आलो की उसना नेतो.